हिवतापाची चिठ्ठी : लहान मूल आणि गरोदर बाई

भात लावणी आटोपते, पाऊस जरा उघडीप देतो, बांधाकडेला आणि ओढ्याच्या डबक्यांत पाणी साचून राहते आणि आपल्या भागात तापाचे दिवस सुरू होतात. त्याच सुमारास गोव्याकडे बांधकामावर गेलेली आपली माणसे सणासुदीला घरी येतात. त्यांतील एखाद्याच्या रक्तात हिवतापाचे जंतू असले, तर इथला डास त्याला चावतो आणि दहाबारा दिवसांनी तोच डास शेजारच्या पोराला चावतो. हिवताप आपल्या देशात पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला आहे आणि २०३० पर्यंत तो संपवायचा असे सरकारने ठरविले आहे, ही समाधानाची गोष्ट. पण कमी झाला म्हणून तो डॉक्टरांच्याही सवयीतून जात चालला आहे. त्यामुळे तो ओळखण्यात आणि त्याचे औषध लिहिण्यात चुका होतात आणि त्या चुका भोगाव्या लागतात त्या बहुधा दोघांना : लहान मुलाला आणि गरोदर बाईला.

या दिवसांत रविवारच्या मिस्सानंतर दोन-चार जण तरी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन आमच्याकडे येतात. ‘‘फादर, एवढं वाचून सांगा, काय लिहिलंय.’’ आम्ही डॉक्टर नव्हे, आणि डॉक्टरांनी लिहिलेले खोडण्याचा आम्हांला अधिकार नाही. सेमिनरीत लॅटिन शिकलो त्याचा एवढाच उपयोग, की ‘बी. डी.’ म्हणजे दिवसातून दोनदा आणि ‘टी. डी. एस.’ म्हणजे तीनदा, हे लगेच समजते. अक्षर लागणे ही निराळी विद्या आहे! तथापि अशा बऱ्याच चिठ्ठ्या पाहिल्यावर त्यांच्या काही ठरावीक तऱ्हा ध्यानात येतात. त्या आज आपल्यापुढे मांडीत आहोत. हेतू हा की चिठ्ठी हातात पडल्यावर काय विचारावे हे घरातल्या बाईमाणसालाही कळावे.

पहिली तऱ्हा म्हणजे रक्त न तपासताच औषध. संध्याकाळी ताप भरला, सरकारी दवाखाना बंद, म्हणून माणूस गावातल्या खाजगी डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर हात लावून पाहतात, ‘‘मलेरियासारखं दिसतंय’’ म्हणतात, एक सुई देतात आणि गोळ्या बांधून देतात. कधी त्याच कागदावर मलेरिया आणि टायफॉइड दोहोंचीही औषधे असतात. एक नाही तर दुसरे तरी लागू पडेल असा हिशेब. टायफॉइडसाठी केलेली विडाल तपासणी एकदाच केली तर फारशी भरवशाची नसते. तरीही तिच्या जोरावर सात दिवसांची भारी प्रतिजैविके लिहिली जातात.

रक्त तपासणे हे आता अवघड काम राहिलेले नाही. बोटाच्या टोकाचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही जुनी आणि आजही सर्वांत चांगली पद्धत. शिवाय बोटाएवढ्या पट्टीवर थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारी तपासणीही आली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही विनामूल्य होतात, आणि पुष्कळ गावांत आशा कार्यकर्तीजवळही पट्ट्या असतात. औषधाची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी हा थेंब घेतला गेला पाहिजे. गोळी गेल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू दिसले नाहीत तर ताप हिवतापाचा नव्हता की औषधाने जंतू कमी झाले, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. पहिली तपासणी निर्दोष आली आणि ताप तरी हटेना, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त द्यावे. गरोदर बाईच्या बाबतीत हे अधिकच लक्षात ठेवायचे, कारण तिचे जंतू वारेत दडून बसतात आणि बोटाच्या थेंबात दिसत नाहीत असे होऊ शकते.

तपासणीच्या कागदावर बहुधा दोनपैकी एक अक्षर-जोडी असते : ‘पी. व्ही.’ किंवा ‘पी. एफ.’. पहिला व्हायव्हॅक्स, दुसरा फाल्सिपेरम. हा भेद कळल्याशिवाय चिठ्ठी बरोबर की चूक हे ठरविताच येत नाही, कारण दोहोंची औषधे वेगळी आहेत. व्हायव्हॅक्स थकवतो, रक्त कमी करतो आणि जंतू यकृतात लपवून ठेवून काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उलटतो. फाल्सिपेरम उलटत नाही, पण दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो. दोन्ही एकाच वेळी असणारे रुग्णही सापडतात.

आता लहान मुलाकडे वळू. व्हायव्हॅक्ससाठी औषध आहे क्लोरोक्विन. बाजारात ते लॅरिएगो वगैरे नावांनी मिळते. ते तीन दिवस घ्यायचे, आणि किती घ्यायचे हे मुलाच्या वजनावर ठरते : पहिल्या व दुसऱ्या दिवशी दर किलोला १० मिलिग्रॅम, तिसऱ्या दिवशी ५. साधी २५० मिलिग्रॅमची म्हणून मिळणारी गोळी असते, तिच्यात खरे औषध १५० मिलिग्रॅम धरतात. म्हणजे १५ किलो वजनाच्या चार वर्षांच्या मुलाला एक, एक आणि अर्धी. मोठ्या माणसाला चार, चार आणि दोन. दुप्पट ताकदीच्या गोळ्याही दुकानात असतात, त्यामुळे नुसते ‘अर्धी गोळी’ असे लिहिलेले पुरत नाही. कोणती गोळी, ते पाहावे लागते.

आमच्याकडे आलेल्या मुलांच्या चिठ्ठ्यांत वजन लिहिलेले क्वचितच दिसते. वय सुद्धा अनेकदा नसते. आपण शेतकरी माणसे. पंपात औषध घालताना टोपणाने मोजतो, भाताचे पोते काट्यावर चढवल्याशिवाय व्यापाऱ्याला देत नाही, जनावराला जंताचे औषध पाजताना डॉक्टर वासराच्या वजनाचा अंदाज घेतो. मग पोराच्या औषधालाच काटा का लावू नये? अंगणवाडीत वजन झालेले असते, ते कागदावर टिपून सोबत न्यावे. औषध कमी पडले तर जंतू उरतात. जास्त झाले तर क्लोरोक्विन लहान मुलाला फार घातक आहे. मोठ्या माणसाच्या एक-दोन गोळ्या खेळता खेळता गिळल्या तरी दोन वर्षांच्या पोराचा जीव जाऊ शकतो. उरलेल्या गोळ्या कोनाड्यात उघड्या ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

क्लोरोक्विन कडू असते. मूल थुंकते, ओकते. अर्ध्या तासाच्या आत ओकले तर तोच डोस पुन्हा द्यावा लागतो. उपाशीपोटी देऊ नये. पेजेच्या घासानंतर, गोळी चुरून गुळात किंवा मधात कालवून दिली तर पुष्कळ मुले घेतात. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध देऊ नये.

पुढची गोष्ट प्रायमाक्विनची, आणि इथे खाजगी चिठ्ठ्या सर्वांत जास्त उण्या पडतात. व्हायव्हॅक्सचे यकृतात लपलेले जंतू क्लोरोक्विनने मरत नाहीत. त्यासाठी १४ दिवस रोज प्रायमाक्विन घ्यावे लागते. बऱ्याच डॉक्टरांच्या चिठ्ठीत ते नसतेच. ताप तीन दिवसांत उतरतो, रोगी खूश, डॉक्टर खूश. मग दिवाळीत तोच ताप पुन्हा, शिमग्यात पुन्हा, आणि दर वेळी पोर अधिक फिकट. काही जुने डॉक्टर पाच दिवसांचे प्रायमाक्विन लिहितात. पूर्वी सरकारी कार्यक्रमातच पाच दिवसांचा क्रम होता, तो हातात बसलेला असतो. आता क्रम १४ दिवसांचा आहे. मात्र २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणानुसार हे औषध एक वर्षाखालील बाळाला आणि गरोदर बाईला द्यायचे नाही. काही लोकांच्या रक्तात जन्मतःच जी-६-पी-डी नावाचा एक घटक कमी असतो, त्यांच्याही रक्तपेशी या औषधाने फुटतात. प्रायमाक्विन सुरू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा मूल एकाएकी पांढरेफटक पडले, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घराण्यात कोणाला असे झाले असेल तर ते आधीच सांगावे.

फाल्सिपेरमला आता क्लोरोक्विन चालत नाही. जंतूंनी त्याला दाद देणे सोडले आहे. तरीही ‘पी. एफ.’ लिहिलेल्या कागदाला टाचणी लावून क्लोरोक्विनचीच चिठ्ठी आलेली आम्ही पाहिली आहे. त्यासाठी हवे ते जोड औषध, ज्यात आर्टेमिसिनिन जातीचे एक औषध आणि दुसरे एक साथीदार औषध असते. सरकारी दवाखान्यात आपल्याकडे आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन यांची तीन दिवसांची पाकिटे असतात, वयाप्रमाणे रंग लावलेली : एक वर्षाखाली गुलाबी, १ ते ४ वर्षांना पिवळे, ५ ते ८ ला हिरवे, ९ ते १४ ला लाल आणि त्यावर पांढरे. ज्याने कोणी ही रंगांची युक्ती काढली त्याने निरक्षर आईवर मोठे उपकार केले आहेत. खाजगीत आर्टेमेथर-ल्युमेफँट्रीन ही जोडी जास्त चालते. तीही चांगली आहे. ती दिवसातून दोनदा तीन दिवस घ्यायची आणि दूध किंवा तेलातुपाचे काही खाऊन घ्यायची, म्हणजे अंगी लागते. फाल्सिपेरममध्येही प्रायमाक्विन असते, पण एकच डोस, रोग पुढे पसरू नये यासाठी. एक वर्षाखालचे बाळ आणि गरोदर बाई यांना तोही नाही.

साथीदाराशिवाय नुसत्या आर्टेसुनेटच्या गोळ्या देणे हे मोठे नुकसान आहे. रोगी तात्पुरता बरा होतो आणि जंतू औषधाला सरावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्येच अशा एकट्या गोळ्या थांबवा म्हणून बजावले, पुढे आपल्या सरकारनेही त्यांवर बंदी आणली. गोळ्या गेल्या, पण सुई राहिली. तीन दिवस कमरेत आर्टीथरची सुई आणि मग काही नाही, ही चिठ्ठी खाजगी दवाखान्यांत फार आढळते. लोकांना सुई आवडते, डॉक्टरांना ते ठाऊक असते, आणि सुईचे पैसे गोळीपेक्षा जास्त होतात. तीनही गोष्टी जुळून आल्या की रोग्याच्या हिताचा प्रश्न मागे पडतो. आर्टीथर ही सुई आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शनात फक्त प्रौढांच्या गंभीर हिवतापासाठी सांगितली आहे. मुलांना ती देऊ नये असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शुद्धीवर असलेल्या, गोळी गिळू शकणाऱ्या मुलाला हिवतापासाठी सुईची गरजच नसते.

गरज असते ती वेगळ्या वेळी. मुलाला झटके येतात, ते ग्लानीत जाते, अंगावर पीत नाही, प्रत्येक घास ओकते, श्वास धापा टाकल्यासारखा चालतो, तळहात पांढरे पडतात. असे एकही चिन्ह दिसले की गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून रात्र काढू नये. गाडी करून तालुक्याला किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे. तिथे शिरेतून आर्टेसुनेट देतात. क्विनीनच्या सुईपेक्षा त्याने जास्त जीव वाचतात हे आशियात २००५ साली, ज्यात आपला देशही होता, आणि आफ्रिकेतील मुलांत २०१० साली मोठ्या प्रमाणावर पाहून सिद्ध झाले आहे. शुद्धीवर आल्यावर जोड औषधाचा तीन दिवसांचा पूर्ण क्रम तोंडाने द्यावाच लागतो. घरी सोडताना तो दिला की नाही, ते पाहावे.

आता गरोदर बाईसंबंधी. इथे आम्हांला दोन उलट तऱ्हा दिसतात. एक डॉक्टर काही न विचारता सर्वांना जे लिहितो तेच तिलाही लिहितो. दुसरा इतका भितो, की क्रोसिनच्या चार गोळ्या देऊन ‘‘पोटात बाळ आहे, जास्त औषध नको’’ म्हणून परत पाठवतो. दुसरा डॉक्टर प्रेमळ वाटतो, पण त्याचे न देणे पहिल्याच्या चुकीइतकेच धोक्याचे आहे. हिवतापाने आईचे रक्त उतरते, गर्भ पडतो, मूल मेलेले जन्मते किंवा फार कमी वजनाचे जन्मते. योग्य औषधाने होणाऱ्या त्रासापेक्षा औषध न दिल्याने होणारे नुकसान कितीतरी मोठे आहे.

औषध ठरते ते दोन गोष्टींवर : कोणता जंतू आणि कितवा महिना. व्हायव्हॅक्स असेल तर क्लोरोक्विन कोणत्याही महिन्यात चालते. त्याने गर्भ पडतो ही नुसती समजूत आहे, आणि तिच्यामुळे काही सासवा सुनेच्या गोळ्या चुलीत टाकतात. प्रायमाक्विन मात्र बाळंत होईपर्यंत नाही. त्यामुळे ताप उलटण्याचा संभव राहतो. म्हणून काही डॉक्टर बाळंतपणापर्यंत आठवड्याला एकदा क्लोरोक्विन घ्यायला सांगतात आणि तसा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही आहे.

फाल्सिपेरम असेल तर चौथ्या महिन्यापासून पुढे जोड औषध द्यायचे. पहिल्या तीन महिन्यांत २०१३ च्या आपल्या धोरणात क्विनीन सांगितले आहे, दिवसातून तीनदा, सात दिवस. हे सिंकोनाच्या सालीतले औषध. सतराव्या शतकात पेरूहून येशूसंघीयांनी ती साल रोमला आणली, म्हणून युरोपात तिला ‘जेझुइटांची भुकटी’ म्हणत, आणि काही कर्मठ प्रॉटेस्टंट तेवढ्यासाठी ती घ्यायला नाखूश असत. औषध जुने आणि कामाचे, पण घ्यायला कठीण. कानांत घंटा वाजतात, चक्कर येते, मळमळते. बाया तिसऱ्या दिवशी सोडून देतात आणि ताप पुन्हा चढतो. क्विनीनने गरोदर बाईच्या रक्तातली साखरही एकाएकी उतरते, म्हणून ते पोटभर जेवूनच घ्यावे, आणि घाम सुटून हातपाय कापू लागले तर लगेच गूळपाणी पाजून दवाखान्यात न्यावे. २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या तीन महिन्यांतही आर्टेमेथर-ल्युमेफँट्रीन वापरावे असा सल्ला दिला. तेव्हा दोहोंपैकी कोणतेही औषध एखाद्या शिकलेल्या डॉक्टरने विचार करून लिहिले असेल तर भिऊ नये. डॉक्सिसायक्लीन मात्र गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालील मुलाला हिवतापासाठी देत नाहीत. मुलाचे दात आणि हाडे यांवर त्याचा परिणाम होतो. ते नाव चिठ्ठीत दिसले तर विचारावे. आणि गरोदर बाई ग्लानीत गेली किंवा तिला झटके आले, तर महिन्यांचा हिशेब करीत बसू नये. अशा वेळी शिरेतून आर्टेसुनेट कोणत्याही महिन्यात द्यावे असाच सल्ला आहे.

पण डॉक्टरला महिना कळणार कसा? नवीन सून तापाने फणफणलेली दवाखान्यात बसते, शेजारी दीर किंवा सासरा. पाळी चुकून दीड महिना झालेला असतो. ती बोलत नाही, डॉक्टर विचारत नाही, आणि चिठ्ठीत प्रायमाक्विन येते. म्हणून आमचे सांगणे असे, की तापाच्या बाईबरोबर घरातील एखादी बाई जावी आणि तिने आपण होऊन सांगावे : ‘‘डॉक्टर, हिला दिवस गेलेत,’’ किंवा ‘‘पाळी चुकली आहे, नक्की ठाऊक नाही.’’ अंगावर पाजणारी असेल तर बाळ किती महिन्यांचे, तेही. एवढ्या एका वाक्याने चिठ्ठी बदलते.

डॉक्टरांशी भांडायला आम्ही सांगत नाही. आपल्या खेड्यांत रात्री-अपरात्री दार उघडणारे तेच असतात, आणि त्यांतले कितीतरी उधारीवर औषध देतात. ‘‘डॉक्टरसाहेब, आधी रक्त बघू या का? पोराचं वजन तेरा किलो आहे,’’ असे नम्रपणे म्हटले तर रागावणारा डॉक्टर आम्ही तरी फारसा पाहिला नाही. उलट, रोगी तपासणीला तयार आहे आणि सुई मागत नाही, हे पाहून पुष्कळांना बरेच वाटते. सोबतचे ताकदीचे टॉनिक आणि सलाईनची बाटली यांवर खर्च करण्याऐवजी तेवढे पैसे तालुक्याला जायच्या गाडीसाठी बाजूला ठेवावेत.

चिठ्ठी आणि रक्ताचा कागद दोन्ही जपून ठेवावे. गरोदर बाईचे तायी कार्ड असते, त्यावर ताप आलेली तारीख, जंतू ‘पी. व्ही.’ की ‘पी. एफ.’, आणि कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, हे नर्सबाईंकडून लिहून घ्यावे. व्हायव्हॅक्स झाला असेल तर ‘प्रायमाक्विन बाकी’ असे दोन शब्दही लिहून ठेवावेत, म्हणजे बाळंतपणानंतर बाळाचे वय पाहून आणि जी-६-पी-डीची तपासणी करून डॉक्टरांना ते केव्हा सुरू करायचे हे ठरविता येईल.